सनद मिळाली, आता कागद वाचायला बस

वकिलीची सनद मिळाल्याबद्दल मनापासून अभिनंदन, आईला पण माझ्याकडून सांग. तुझा मेसेज परवा रात्री वाचला आणि दोन ओळीत उत्तर देणं काही जमेना म्हणून हे लांबलचक लिहितेय. तुला क्रिमिनल करायचंय पण खून-मारामाऱ्या नकोत, 'व्हाइट कॉलर' म्हणजे आर्थिक गुन्ह्यांचं करायचंय, मग आत्ताच मुंबईत येऊ की साताऱ्यात थांबू असं विचारलंयस, आणि घरचे म्हणतायत की लोकांचे पैसे बुडवणाऱ्यांची वकिली करणार का तू. सगळ्याचं उत्तर देते पण जसं सुचेल तसं.

आधी हे डोक्यातून काढ की हे एसी ऑफिसातलं काम आहे. माझा निम्मा दिवस सेशन्स कोर्टाच्या जिन्यांवर जातो, ओव्हलसमोरचं ते जुनं सचिवालय, सीबीआय, पीएमएलए (काळा पैसा पांढरा करण्याविरुद्धचा कायदा), एमपीआयडी (ठेवीदारांच्या संरक्षणाचा राज्याचा कायदा), सगळ्यांची कोर्टं तिथेच, मधेच किल्ला कोर्टात, म्हणजे मॅजिस्ट्रेटकडे, रिमांड (कोठडीची सुनावणी) निघाला तर बॅग उचलून तिकडे पळायचं, आणि संध्याकाळी ईडीच्या ऑफिसखाली उभं राहायचं कारण क्लायंट समन्सवर वर गेलाय. तिथे खाली त्याची बायको असते. ती विचारते, मॅडम, आज सोडतील ना?

मी नवीन असताना एका ताईंना म्हणाले होते, काळजी करू नका, रात्री जेवायला घरी असतील. साडेअकराला अटक दाखवली. त्या ताईंनी घरी फोन करून मुलांना बाबा येतायत म्हणून जागं ठेवलं होतं, हे मला दुसऱ्या दिवशी कोर्टात कळलं. तेव्हापासून मी कुणालाच असा शब्द देत नाही. माहीत नाही असंच सांगते आणि मग जे माहीत आहे ते सांगते, अटक झाली तर २४ तासांच्या आत कोर्टापुढे आणावंच लागतं, अटकेची कारणं लेखी द्यावी लागतात (पंकज बन्सल, ऑक्टोबर २०२३, हा सुप्रीम कोर्टाचा निकाल पूर्ण वाच, त्यावरच्या नोट्स नको वाचूस), आणि शुगरच्या गोळ्या, डॉक्टरची चिठ्ठी, चष्मा एका पिशवीत आत्ताच भरून ठेवा कारण औषधांचा आणि घरच्या डब्याचा अर्ज पहिल्याच रिमांडला करायचा असतो आणि चिठ्ठी नसेल तर तो अडकतो. माणूस घाबरलेला असतो ना, त्याला धीर देण्यापेक्षा हातात काहीतरी काम दिलेलं बरं पडतं, हे अनुभवाने सांगते.

आता कायद्याचं. पोलिसांच्या केसमध्ये पोलिसांपुढे दिलेला जबाब पुरावा होत नाही हे तू कॉलेजात शिकलीस. पीएमएलएत कलम ५० खाली ईडीच्या अधिकाऱ्यापुढे दिलेला जबाब मात्र वापरता येतो, कारण ते पोलीस नाहीत असं सुप्रीम कोर्टाने २७ जुलै २०२२ च्या विजय मदनलाल निकालात म्हटलंय. म्हणजे माणूस आरोपी व्हायच्या आधीच त्याच्या तोंडचं वाक्य फाईलला लागलेलं असतं, आणि तू बहुतेक वेळा शेजारी नसतेस, फार तर कोर्टाकडून परवानगी आणली तर काचेपलीकडे, दिसेल पण ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर. म्हणून समन्सच्या आधीची क्लायंटबरोबरची कॉन्फरन्स ही खरी वकिली. तिथे काय बोलायचं ते पढवायचं नाही, कधीच नाही, पण जे आठवत नाही ते आठवत नाही असंच सांगा, अंदाजाने तारखा देऊ नका, सही करायच्या आधी प्रत्येक पान वाचा, हे दहादा बजावायचं. त्यात कलम ४५, जामिनासाठी दोन अटी, कोर्टाला सकृतदर्शनी हा माणूस दोषी नाही असं वाटलं पाहिजे आणि बाहेर आल्यावर पुन्हा गुन्हा करणार नाही असंही. २०१७ मध्ये या अटी रद्द झाल्या होत्या, २०१८ च्या दुरुस्तीने परत आल्या, आणि मग २०२२ ला टिकल्या. तरी दिल्लीचे माजी उपमुख्यमंत्री मनीष सिसोदियांना ऑगस्ट २०२४ मध्ये सुमारे १७ महिन्यांनी जामीन मिळाला तो खटला लवकर संपण्याची शक्यताच दिसत नव्हती या मुद्द्यावर, म्हणून कलम ४५ बघून हातपाय गाळू नकोस, आरोपी किती दिवस आत आहे, साक्षीदार किती, पानं किती हे मोजून कोर्टापुढे ठेव.

पानं मोजायची म्हणजे खरंच मोजायची. हेच तुला मुख्य सांगायचंय.

आपल्याच भागातल्या एका नागरी सहकारी बँकेची केस होती, नाव सांगत नाही. कर्ज विभागातला अधिकारी आमचा क्लायंट, बाकी संचालक आणि कर्जदार, जुन्या दंड संहितेची ४०९, ४२०, ४६८, ४७१, १२०ब, विश्वासघात, फसवणूक, बनावट कागद, कट, म्हणजे नेहमीचं पॅकेज. चार्जशीटचे गठ्ठे इतके की चेंबरमध्ये खुर्ची ठेवायला जागा नाही. सगळ्यांचं म्हणणं एकच, नोटवर याची सही आहे, संपलं. मी तीन आठवडे रोज रात्री ती कर्जाची नस्ती, म्हणजे फाईल, वाचत होते आणि एका रात्री लक्षात आलं की वरच्या उजव्या कोपऱ्यात बँकेच्या क्लार्कने लाल पेनाने घातलेले पान नंबर आहेत, ४१, ४२, आणि मग एकदम ४५. तपास यंत्रणेचा शिक्क्याचा नंबर मात्र सलग होता त्यामुळे कुणालाच खटकलं नव्हतं. उलटतपासात बँकेच्या साक्षीदाराला मूळ नस्ती आणायला लावली. पान ४३ वर माझ्या क्लायंटच्या अक्षरात होतं, तारण मिळकतीचं मूल्यांकन जुने आहे, नवीन घेतल्याशिवाय वितरण करू नये. आणि ज्या सहीवरून तो आरोपी झाला त्या सहीच्या वर 'सादर' लिहिलेलं होतं, 'मंजूर' नाही. सादर करणारा आणि मंजूर करणारा यातला फरक बँकेतल्या शिपायालाही माहीत असतो, पण चार्जशीटमध्ये दोघं एकाच वाक्यात आले होते.

निर्दोष सुटला, नऊ वर्षांनी. नोकरी गेली ती गेलीच. निकालाच्या दिवशी तो कोर्टाबाहेरच्या बाकावर नुसता बसून होता, पेढे वगैरे काही नाही.

तेव्हा ही प्रॅक्टिस म्हणजे भारी इंग्रजी भाषण वगैरे नाही गं. कोणत्या तारखेला या माणसाला काय माहीत होतं, एवढाच प्रश्न असतो आणि तो हजारो कागदांत शोधायचा असतो. प्रत्येक आरोपीची एक वेगळी टाइमलाइन कर, एक्सेलमध्ये कर किंवा वहीत, मी अजून वहीतच करते. तपासात जप्त केलेले पण फिर्यादी पक्षाने न वापरलेले कागद कोणते त्याची यादी माग, आता तर मे २०२५ च्या सरला गुप्ता निकालाने पीएमएलएतही ती आरोपीला मिळाली पाहिजे असं ठरलंय, अशी पान ४३ त्या यादीतच सापडतात.

आता घरच्यांचा प्रश्न. तो चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. २०१९ मध्ये पीएमसी या सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदाराला फक्त १००० रुपये काढता येत होते, किल्ला कोर्टाबाहेर लोक फलक घेऊन उभे होते, त्यात माझ्या आईच्या वयाच्या बायका होत्या. अशा गर्दीतून काळा कोट घालून आत जाताना पाय जड होतात, तुझेही होतील, आणि होऊ देत. पण मी बघितलंय की घोटाळ्यात आरोपींच्या यादीत कागदोपत्री डायरेक्टर केलेला ड्रायव्हर असतो, सही कर म्हणल्यावर सही करणारी अकाउंटंट मुलगी असते, आणि खरा खेळ करणारा कधी कधी यादीत नसतोच. ठेवीदारांचे पैसे परत यायचे तर एमपीआयडी खाली मालमत्ता जप्त होऊन तिचा लिलाव झाला पाहिजे, तो ड्रायव्हर चार वर्षं आर्थर रोडला राहिला म्हणून एकाही आजीला एक रुपया मिळत नाही. आणि ज्याने खरंच केलंय त्याच्या बाजूनेही कुणीतरी उभं राहून पुरावा तपासायलाच हवा, नाहीतर आपल्याला कळणार कसं की त्यानेच केलंय. हे मी माझ्या आईला समजावलं, तिला पूर्ण पटलं नाही, पण तिने डबा द्यायचं बंद नाही केलं.

एक गोष्ट मात्र पाळ. क्लायंट म्हणेल हे बिल मागच्या तारखेचं बनवून द्या, त्या साक्षीदाराला जरा भेटून या, ही पेटी दोन दिवस चेंबरला राहू दे. तिथे उठायचं. वकील आणि अशील यांच्यातलं बोलणं गुप्त राहतं, ऑक्टोबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने तपास यंत्रणांना अशिलाबद्दल विचारायला वकिलांना सरसकट समन्स काढता येणार नाही असंही स्पष्ट केलंय, पण पुढे करायच्या गुन्ह्यात तू हात दिलास तर ते संरक्षण तुला नाही. फी बँकेतून आणि पावती फाडूनच घे. माझ्या बरोबरीचा एक हुशार मुलगा याच चुकीने संपला, अजून आठवलं की वाईट वाटतं.

पैशाचं खरं सांगते, पहिली पाच वर्षं ओढाताण असते. बार कौन्सिलने २०२४ मध्ये ज्युनिअरला शहरात महिना २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार द्यावेत असं सुचवलंय, बंधनकारक नाही ते, आणि मुंबईत २० हजारात पीजीचं भाडं आणि लोकल काढल्यावर काय उरतं ते तूच हिशोब कर.

म्हणून माझं मत, अजून वर्षभर साताऱ्यातच थांब. तू लिहिलंयस की सरांकडे नुसत्या १३८ च्या केसेस आहेत, चेक बाउन्सचा कंटाळा आलाय. अगं त्यातच सगळं आहे, खातेउतारा, लेजर, उसनवारीची पावती, आणि हातात उलटतपास, जो मुंबईत मोठ्या चेंबरला तुला सात वर्षं कुणी करू देणार नाही. पतसंस्थेच्या केसेस आल्या तर सोडू नकोस, एखाद्या ओळखीच्या सीएकडे शनिवारी बसून बॅलन्स शीट वाचायला शिक.

दिवाळीच्या सुट्टीनंतर दोन दिवस ये, माझ्याबरोबर कोर्टात बस. येताना तुझ्या त्या १३८ मधला बँकेचा खातेउतारा आण, त्याला उतारा खरा असल्याचं बँकेचं सर्टिफिकेट जोडलंय का, कोणी सही केलीय, आणि सही करणारा त्या तारखेला त्याच शाखेत होता का एवढं शोधून ठेव.