दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन रणगाडा-सैनिकांचे मूळ फोटो जमवायचे आहेत. फोटो अस्सल आहे का, कुठला आणि कधीचा आहे, हे कसं ओळखायचं? माझ्याकडच्या फोटोतल्या माणसांचा गणवेश काळा आहे आणि कॉलरवर कवटी आहे, म्हणजे ती एसएसची (नाझी पक्षाच्या सशस्त्र दलाची) असणार ना?

आधी तुम्ही शेवटी जे लिहिलंय तिथून सुरुवात करतो, कारण तिथेच बहुतेकांची गल्लत होते. तुमच्याकडच्या फोटोतल्या माणसांचा गणवेश काळा आहे, कॉलरवर कवटी आहे, म्हणून ती एसएसची असणार असं तुम्ही धरलंय. तसं असेलच असं नाही. जर्मन सैन्याच्या रणगाडा दलाचा गणवेशच काळा होता. तेला-ग्रीसचे डाग त्यावर दिसत नसत. कवटीची खूण त्यांच्याकडे जुन्या प्रशियन घोडदळाकडून आली. एसएसचे रणगाडेवालेही काळंच घालत, पण त्यांचं गरुडाचं चिन्ह डाव्या बाहीवर असे आणि सैन्याचं उजव्या छातीवर. तेव्हा कवटी सोडा, भिंग घेऊन आधी गरुड शोधा.

मी हॅनोव्हरला राहतो आणि इथल्या जुन्या बाजारांतून गेली काही वर्षं हे फोटो गोळा करतोय. एका फोटोचंच उदाहरण देतो. सहा बाय नऊ सेंटीमीटर, कडा नागमोडी कापलेल्या. रणगाड्याच्या पुढच्या भागावर पाच जण बसलेत. बाजूची चाकं मोजली तर सहा, म्हणजे पँझर ३ या प्रकारचा रणगाडा. पँझर ४ ला लहान लहान आठ असतात. पत्र्यावर पांढऱ्या रंगात इवलासा आयफेल टॉवर रंगवलाय. तो पाहून फोटो पॅरिसचा वाटेल, पण मागे क्षितिजापर्यंत सूर्यफुलं आहेत, म्हणजे ठिकाण रशियाकडचं. आयफेल टॉवर ही २३व्या पँझर डिव्हिजनची खूण. ती १९४१ मध्ये फ्रान्समध्ये उभी राहिली आणि १९४२ च्या वसंतात रशियाच्या आघाडीवर गेली.

पाचांपैकी एकाच्याच जाकिटाच्या काजात फीत आहे. लोखंडी क्रॉस या शौर्यपदकाच्या फितीत मधला पट्टा रुंद असतो, इथे मध्ये बारीक रेघ आहे. म्हणजे हे रशियातल्या पहिल्या हिवाळ्याचं पदक, जे २६ मे १९४२ ला सुरू झालं. फोटो त्यानंतरचा. पदक फक्त १५ एप्रिल १९४२ पर्यंतच्या लढाईसाठी होतं, मग ते एकालाच का? तो बहुधा दुसऱ्या डिव्हिजनमधून बदलून आला असावा, कारण बाकीच्या चौघांनी तो हिवाळा तिथे काढलाच नव्हता. रणगाड्याला बाजूचे जादा पत्रे नाहीत, ते १९४३ मध्ये लागायला लागले. या सगळ्यावरून फोटो १९४२ च्या उन्हाळ्यातला, कॉकेशसकडे जातानाचा असावा असं मी मानतो. दोघांच्या डोक्यांवर शाईने बारीक क्रॉस काढलेत. ते दोघे नंतर मारले गेले. मागे पेन्सिलीने दोन ओळी आहेत, जुन्या जर्मन वळणात. ते वळण १९४१ मध्ये शाळांतून बंद झालं, पण ही पोरं त्यातच शिकलेली. ते वाचायला शिका. महिनाभर रोज अर्धा तास दिलात तरी नावं आणि गावं लागायला लागतात.

अस्सल-नकलीचं म्हणाल तर पाठ पाहा. आग्फा, लिओनार असे कागदाचे छाप दिसतात. अंधारात अतिनील टॉर्च मारा. कागद निळसर पांढरा उजळला तर तो युद्धानंतरचा, कारण फोटोच्या कागदात ती चमक आणणारी रसायनं १९५० च्या दशकात आली. नाही उजळला म्हणून मात्र तो अस्सल ठरत नाही.

माझ्या या फोटोच्या पाठीला काळ्या कागदाचे तुकडे चिकटलेत, कारण विक्रेत्याने तो अल्बममधून ओरबाडून काढला होता. उरलेली पानं आठवड्यापूर्वीच तिघांना विकली, असं तो सहज सांगून गेला. मला त्याचा आजही राग येतो. अल्बममध्ये आधीच्या पानावर कुठलं गाव होतं, पुढच्या पानावर कोणाची कबर होती, यावरूनच माग लागतो. अख्खा अल्बम मिळाला तर महाग पडला तरी घ्या आणि कधीही फोडू नका. त्यात जळणारी खेडी किंवा फासावर लटकलेली माणसं असतील तर ती पानंही तशीच ठेवा. रणगाडे तेवढे ठेवून बाकीचं फेकणारे संग्राहक मी पाहिलेत. मला ते इतिहासाशी खोटं वागणं वाटतं.

तारीख-ठिकाण अंदाजाने लिहायचं असेल तर ‘अंदाज’ असं स्पष्ट लिहा. हॅम्बुर्गच्या एका संस्थेने १९९५ मध्ये जर्मन सैन्याच्या गुन्ह्यांचं फिरतं प्रदर्शन सुरू केलं होतं. त्यातल्या काही फोटोंतले मृत प्रत्यक्षात सोव्हिएत गुप्त पोलिसांनी मारलेले निघाले आणि १९९९ मध्ये प्रदर्शन थांबवावं लागलं. चौकशी समितीच्या मते १,४३३ पैकी वीसहूनही कमी फोटो चुकीचे होते, मूळ मांडणी बरोबरच होती. पण फोटोंखालच्या तेवढ्या चुकीच्या ओळींनी ‘आमचं सैन्य स्वच्छ होतं’ म्हणणाऱ्यांच्या हाती कोलीत मिळालं. २००१ मध्ये ते नव्याने उभं करावं लागलं.

नाव आणि जन्मतारीख मिळाली तर जर्मन युद्धकबर संस्थेच्या ऑनलाइन शोधात टाका. सैनिकांच्या नोंदी बर्लिनच्या ज्या कार्यालयात होत्या ते २०१९ पासून बुंडेसआर्काइव्हचा (जर्मनीच्या राष्ट्रीय दफ्तराचा) भाग आहे, तिथे अर्ज करता येतो. डिव्हिजनच्या युद्ध-रोजनिश्या त्याच्याच फ्रायबुर्गच्या लष्करी शाखेत आहेत. पोट्सडामचं सैन्य-दफ्तर मात्र एप्रिल १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळालं, त्यामुळे काही धागे तिथेच तुटतात. तुलनेसाठी बुंडेसआर्काइव्हने २००८ मध्ये विकिमीडियाला दिलेले हजारो फोटो फुकट पाहता येतात, पण त्यातले बरेचसे प्रचारखात्याच्या छायाचित्रकारांचे आहेत. तिथे सगळे हसतमुख दिसतात.

तुमचे फोटो इथे टाकणार असाल तर पुढच्या बाजूबरोबर पाठही स्कॅन करा, १२०० डीपीआयला, कडा न कापता. काजातली फीत त्याहून कमीत नीट दिसत नाही.