लडाखात ग्रिडविना घर उबदार ठेवायचंय? सुरुवात इथून करा

बॅटरीवर हीटर चालवायचा बेत आधी सोडा. १२ व्होल्ट, १५० एएचच्या (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) लेड-ॲसिड बॅटरीतून, ती खराब न करता, जेमतेम ०.९ युनिट वीज मिळते. १५०० वॅटचा हीटर ती ३५ मिनिटांत संपवतो. वीज दिव्यांना आणि फोनला ठेवा. ऊब उन्हातून आणि लाकडातून घ्या.

क्रम महत्त्वाचा:

१. दारं-खिडक्यांच्या फटी बुजवा, मग छताला इन्सुलेशन. काम कंटाळवाणं, म्हणून लोक ते टाळतात आणि भरपाईला मोठी बुखारी (धुराच्या पाइपाची, लाकडावर चालणारी बंद शेगडी) आणतात.

२. दक्षिणेला काच, आत ऊन पडेल तिथे जाड मातीची भिंत किंवा दगडी फरशी. ऊन उतरताच काचेवर जाड पडदा, नाहीतर कमावलेली ऊब त्याच काचेतून रात्री निघून जाते. फे गावाजवळचा सेकमोल या पर्यायी शाळेचा, उन्हावर उबदार राहणारा परिसर जरूर पाहा.

३. बुखारी लहानच घ्या. मोठी असली की आत जाणारी हवा कमी करून ती धुमसत ठेवावी लागते. धुराच्या पाइपात डांबरासारखा थर साचतो आणि एके दिवशी तोच पेटतो. ओलं लाकूडही हेच करतं. फोडलेलं, वर्षभर वाळलेलं लाकूड वापरा. पाइप शक्यतो सरळ वर न्या, लाकडी भागांपासून किमान दीड फूट लांब. छतातून जाताना मात्र दुहेरी, इन्सुलेटेड पाइपच हवा.

घर हवाबंद झालं की बुखारीला बाहेरून हवेचा वेगळा पाइप द्या. कार्बन मोनॉक्साइडचा (जळणातून निघणारा, वास नसलेला विषारी वायू) अलार्म पहिल्याच दिवशी लावा. कोळशाची उघडी शेगडी झोपायच्या खोलीत कधीच नको.

ट्रॉम्ब भिंत (काचेच्या लगेच मागे बांधलेली, उन्हाची ऊब साठवणारी जाड भिंत) वगैरे पुढच्या हिवाळ्यात बघू.