छायाचित्रण प्रश्नोत्तरे : स्पॉट मीटर कोणता घ्यावा?

प्रश्न : माझ्याकडे मामिया आरबी ६७ हा कॅमेरा असून त्यात प्रकाश मोजणारा मीटर नाही. वेरूळच्या कैलास लेण्यात मी ४०० आयएसओच्या कृष्णधवल फिल्मवर काम करतो. मोबाइलमधील मीटरच्या अॅपने काढलेल्या चित्रांत सावलीतील कोरीवकाम कधी काळेठिक्कर पडते, तर कधी राखाडी आणि निस्तेज येते. स्पॉट मीटर घ्यावा असे ठरवले आहे. पेंटॅक्सचा जुना डिजिटल स्पॉटमीटर, मिनोल्टाचा स्पॉटमीटर एफ आणि सेकॉनिकचा नवा एल-८५८डी यांपैकी कोणता घ्यावा? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : आपल्या अडचणीचे मूळ आधी पाहू, कारण निवड त्यावरच ठरते. कोणताही परावर्तित प्रकाशाचा मीटर समोरचा पृष्ठभाग मध्यम करडा आहे असे गृहीत धरून आकडा देतो. वेरूळचा बेसाल्ट मुळातच काळसर, त्यात प्रांगण खोल आणि वर उघडे आकाश. अॅपच्या चौकटीत आकाश आले की सावली बुडते आणि फक्त पाषाण आला की तो करडा होतो. स्पॉट मीटर एका अंशाच्या कोनातून पाहतो, म्हणजे १० मीटरवरील भिंतीचा सुमारे साडेसतरा सेंटिमीटर व्यासाचा तुकडाच मोजतो. कोन पाच अंशांचा असेल तर हेच वर्तुळ जवळजवळ ८७ सेंटिमीटरचे होते आणि त्यात मूर्तीच्या चेहऱ्याबरोबर मागचा कोनाडाही येतो. आपण निवडलेले तिन्ही मीटर एक अंशाचे आहेत, हे योग्यच झाले.

या कामासाठी मी पेंटॅक्स सुचवीन. त्याचा घोडा दाबला की नेत्रिकेत केवळ ईव्हीचा, म्हणजे उजेडाच्या पातळीचा, आकडा आणि एकतृतीयांश स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) दाखवणारे ठिपके दिसतात; त्या आकड्याचे काय करायचे हे भिंगाभोवतीच्या तबकडीवर आपणच ठरवायचे असते. समजा, सावलीतील शिल्पावर ९ आणि उन्हातील शिखरावर १३ असा आकडा आला. ९ हा आकडा तसाच वापरला तर ४०० आयएसओला एफ ८ (भिंगाच्या छिद्राचे माप) वर १/३० सेकंद मिळेल आणि काळा पाषाण करडा दिसेल. झोन पद्धतीत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांना एकेका स्टॉपच्या अंतराने क्रमांक देतात आणि मध्यम करडा हा पाचवा झोन असतो. त्याप्रमाणे ती सावली तिसऱ्या झोनमध्ये बसवायची, म्हणजे फिल्मवर पडणारा उजेड दोन स्टॉप कमी करण्यासाठी ९ ऐवजी ११ धरायचे. एफ ८ वर १/१२५. मग शिखर आपोआप सातव्या झोनमध्ये पडते, तपशील राखून उजळ. तबकडीवर ११ समोर पाचव्या झोनची खूण केली की ही सगळी मांडणी एका नजरेत दिसते, आणि शिकणाऱ्यासाठी हे दिसणे मला फार मोलाचे वाटते. स्लाइड फिल्म वापराल तेव्हा क्रम उलटा ठेवावा : आधी उन्हातील पाषाण मोजून त्याची जागा ठरवावी, कारण तिथे जळालेला उजळ भाग परत मिळत नाही.

मिनोल्टा काही कमी नाही. सावली, उजळ भाग आणि सरासरी यांसाठी त्यात स्वतंत्र बटणे आहेत आणि तो पेन्सिल सेलवर चालतो, ही मोठी सोय. पेंटॅक्सला सहा व्होल्टची छोटी बॅटरी लागते, तिची एक जादा जवळ ठेवावी. सेकॉनिक आपाती प्रकाश (वस्तूवर पडणारा उजेड) आणि फ्लॅशही मोजतो. स्टुडिओत काम असेल तर तोच घ्यावा, पण केवळ लेण्यांसाठी तेवढा खर्च करण्याचे कारण मला दिसत नाही. पाऱ्याच्या बॅटरीवर चालणारे त्याहून जुने, कॅडमियम सल्फाइडचे मीटर मात्र टाळावेत. त्या बॅटऱ्या आता बनत नाहीत आणि प्रखर उजेड पाहिल्यावर ते सेल काही काळ चुकीचे वाचतात.

जुना मीटर घेताना भिंगाची परीक्षा सर्वांत महत्त्वाची. आपल्याकडच्या पावसाळ्यात भिंगात बुरशी धरते, आणि धूसर भिंगातून भोवतालचा उजेड सावलीच्या मापनात मिसळून आकडा खोटा वाढतो. आकाशाला लागून असलेली काळी वस्तू मोजावी, मग हाताने भिंगावर सावली धरून पुन्हा मोजावी. आकडा अर्ध्या स्टॉपहून अधिक खाली आला तर तो मीटर घेऊ नये. त्यानंतर खात्रीच्या डिजिटल कॅमेऱ्याशी एकाच सपाट भिंतीवर तुलना करावी, आणि ती ऊन, सावली व खोलीतील मंद उजेड अशा तिन्ही ठिकाणी करावी. तिन्हीकडे फरक सारखाच आला, समजा अर्धा स्टॉप, तर आयएसओची तबकडी तेवढी सरकवून निभावते. उन्हात बरोबर आणि मंद उजेडात चूक असे निघाले तर किंमत कितीही कमी असली तरी तो मीटर परत करावा, कारण आपल्याला तो नेमका सावलीसाठीच हवा आहे.