घरच्या झाडाची कॉफी कढईत किती वेळ भाजायची?

तुम्ही लिहिलंय की फोंड्याला परसात कॉफीची दोन झाडं आहेत, बिया घरीच भाजल्या, तर कपात उग्र, आंबूस वास येतो. मग आच किती ठेवायची? आचेचं नंतर बघू. आधी सांगा, फळं तोडली कशी? फांदी ओरबाडून?

आमचं कुळागर, म्हणजे बागायत, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात. माड, पोफळी, मिरवेली आणि त्यांच्या सावलीत आजोबांनी हौसेने लावलेली रोबस्टा जातीची कॉफी. थोरले काका ती सुपारीच्या हिशेबाने काढायचे. जानेवारीत एक दिवस ठरवायचा, गडी लावायचे, फांदी मुठीत धरून खाली ओढायची. लाल, पिवळी, हिरवी, सगळी फळं एकाच पोत्यात. पोतं पडवीत तसंच पडून. दोन दिवसांनी हात घालावा तर आत गरम आणि आंबलेलं. पिकलेलीच वेचूया म्हटलं, तर म्हणाले, "बाय, सुपारी काय एकेकीला विचारून पाडतात?" आणि कॉफी बिघडली की खापर माझ्यावर: "तुला भाजायला जमत नाही."

म्हणून एका हंगामात बांधाकडची झाडं मी मागून घेतली. आठ-दहा दिवसांनी एक फेरी, गडद लाल तेवढीच वेचायची. पाण्यात टाकून तरंगणारी काढून टाकायची, ती बहुधा पोकळ किंवा किडकी असतात. बाकीची त्याच दिवशी खळ्यावर चटईत पातळ पसरायची. थर जाड झाला की खालची बुरशी धरतात. दिवसातून चार-पाच वेळा हात फिरवायचा, संध्याकाळी गोळा करून झाकायचं, आमच्याकडे थंडीत दंव चांगलंच पडतं. दोन-तीन आठवड्यांत फळ काळं होतं आणि मूठभर कानाशी हलवली की आत बी खुळखुळते. मग उखळ आणि सूप.

दोन्ही ढीग त्याच कढईत, त्याच चुलीवर भाजले. काकांच्या ढिगात जागोजागी फिकट, शेंगदाण्याच्या रंगाच्या बिया राहिल्या. कच्च्या फळाच्या बीत साखर पुरेशी भरलेली नसते, तिला रंग चढत नाही आणि कपात ती तुरट लागते. कितीही भाजा. काकांपुढे दोन्ही कप ठेवले, तर म्हणाले, "मी चहाच घेतो." अजून लग्नाकार्यात भेटले की भाजणीचाच विषय काढतात.

तर भाजणी. मूठ-दोन मूठ बिया, बिडाची कढई, मध्यम आच, उलथनं थांबवायचं नाही. हिरव्याच्या पिवळ्या, मग तपकिरी, आणि दहा-बारा मिनिटांच्या आसपास लाह्यांसारखी तडतड. ती ओसरली की मिनिटभरात उतरवा. पुढे बारीक चुरचुर सुरू होऊन तेल सुटतं, तिथून कडूपणाच वाढतो. सुपात ओतून वारा घाला, फोलपटं उडतील. त्याच दिवशी पिऊ नका, एक-दोन दिवस थांबा. घरात धूर होतो, बाहेर भाजा. आंबलेला वास लपवायला काळीकुट्ट भाजतात, तसं करू नका.

हो, आणि आपल्या उंचीवर चिकमंगळूरच्या अरेबिका जातीच्या कॉफीची चव मागू नका. ती साधारण हजार मीटरवर खुलते. तुमची झाडंही बहुतेक रोबस्टाच असतील. पाचेक किलो फळांमागे किलोभर बिया निघतात, भाजल्यावर वजन आणखी पंधरा-वीस टक्के घटतं. तेव्हा दोन झाडांसाठी रोस्टर मशीन घ्यायचा विचार असेल तर सोडा.

एक विचारायचं राहिलं: बिया पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेल्या, सुक्या बांगड्यांशेजारी तर ठेवल्या नव्हत्या ना? कॉफी शेजारचा वास ओढून घेते. तसं असेल तर वेचणीचा दोष नाही, पण त्या बिया भाजण्यातही अर्थ नाही, झाडांच्या बुंध्याशी घाला.