‘काही नाही’ म्हणणाऱ्या लेकीच्या बाबाला

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

‘आज शाळेत काय झालं?’ असं विचारलं की लेक ‘काही नाही’ म्हणते, ही तुझी तक्रार वाचली. पहिलीतल्या पोरीकडे तू अख्ख्या दिवसाचा गोषवारा मागतोस, ती दुसरं काय म्हणणार?

शाळेच्या फाटकाशी काही विचारूच नकोस. हातपाय धुऊन, खाऊन, थोडा धुडगूस घालून होऊ दे. मग बारीकसारीक विचार. खिचडीत आज वाटाणे होते का? परिपाठात गोष्ट कुणी सांगितली? मधल्या सुट्टीत कोणावर राज्य आलं? समोर बसवून विचारलंस तर ती चौकशी वाटते. मटार सोलताना, स्कूटरवर मागे बसल्यावर, दिवा मालवल्यावर मुलं आपणहून बोलतात. आणि आधी तुझं सांग. साहेब कशावरून चिडले, सुट्ट्या पैशांवरून रिक्षावाल्याशी कशी हुज्जत झाली, सगळं.

खरी गोम मात्र पुढे आहे. ‘बाईंनी मला उभं केलं’ असं तिनं म्हटलं की बहुतेक घरांत लगेच विचारतात, ‘तू काय केलं होतंस?’ असं दोन-तीनदा झालं की पोर शहाणी होते आणि गप्प बसते. तू नुसतं ‘मग?’ म्हण आणि थांब. कुणी पेन्सिल घेतली म्हणून वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर धाव घेऊ नकोस (त्या ग्रुपांनी जेवढी भांडणं लावलीत तेवढी मुलांनी लावली नसतील). तिनं विश्वासानं सांगितलेलं पाहुण्यांसमोर नक्कल करून हसण्यावारीही नेऊ नकोस.

मार, अपमान किंवा नकोसा स्पर्श यांबद्दल बोलली, तर मात्र ऐकून सोडून द्यायचं नाही. पहिलं वाक्य एवढंच, ‘सांगितलंस ते बरं केलंस.’ शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) १७व्या कलमानं शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी आहे. मुख्याध्यापकांना भेट आणि तक्रार लेखी दे. स्पर्शाची गोष्ट असेल तर ती शाळेत मिटवायची नसते. थेट पोलिसांकडे जा, किंवा १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनला फोन कर. मात्र कुणाला भेटणार आहेस ते तिला आधी सांग, तिच्या पाठीमागे काही नको.

बोलण्याखेरीजही मुलं पुष्कळ सांगतात. दर सोमवारी सकाळी पोट दुखतं, डबा तसाच परत येतो, एका मैत्रिणीचं नाव अचानक घरात ऐकू येईनासं होतं. तिकडे लक्ष ठेव.

पुढच्या पालकसभेला बाईंना विचार, वर्गात ती बोलते का? तिथे बडबड करत असेल तर घरची शांतता बहुधा नुसता थकवा आहे. दोन्हीकडे गप्प असेल तर मला लगेच कळव, मग सविस्तर बोलू.

तुझ्या बाई