काळोख्या नायकाला हात घालताना

तुमच्या कथेतला निपाणीचा तंबाखू व्यापारी नायक म्हणून झकास आहे, पण तो पहिल्या पानापासून नुसताच धुमसतोय. अबोलपणावर वाचक फार वेळ थांबत नाही. या माणसाला नेमकं काय हवंय आणि त्यासाठी तो कुठल्या थराला जाईल, ते आधी दाखवा. शेतकऱ्याच्या मालाला काटा मारताना त्याचा अंगठा दिसू द्या. त्याच दुपारी वखारीतल्या एका बाईची उचल तो वहीतून गुपचूप खोडतो, तेही. शेतकऱ्याच्या घरी त्या काट्यामुळे काय झालं हे मात्र गाळू नका, नाहीतर नुसता रुबाब उरतो. बालपणीचं दुःख सुरुवातीलाच ओतलंत तर दरारा जाऊन कीव येते.

एमिली ब्राँटेच्या 'वुदरिंग हाइट्स' (1847) या कादंबरीतल्या हीथक्लिफ या अशाच काळोख्या नायकाची गोष्ट मुख्यतः भाडेकरू लॉकवूड आणि घरकाम पाहणारी नेली सांगतात. म्हणून त्याच्या मनाचा तळ सहज लागत नाही. तुम्हीही निवेदन दिवाणजीकडे द्या. मालक रागावला की मराठीवरून कन्नडवर जातो, हे त्याच्याच लक्षात येईल. तिथे कन्नडचे दोन-तीनच शब्द ठेवा, अर्थ समोरच्याच्या उत्तरातून कळू दे.