लैंगिक शिक्षण शाळेत आलं कसं, अडलं कुठे?

आम्ही वर्गात ‘लोकसंख्या शिक्षण’ शिकवायचो. लैंगिक शिक्षणाची सुरुवात तीच का? (निवृत्त शिक्षिका, सातारा)

सरकारी पातळीवर हो, पण अर्धीमुर्धी. राष्ट्रीय लोकसंख्या शिक्षण प्रकल्प 1980 मध्ये सुरू झाला. चिंता जन्मदराची होती. त्यामुळे पुस्तकांत आलेख आले, छोट्या कुटुंबाचे फायदे आले. वयात येणाऱ्या मुलाच्या शंकांना जागा मिळाली नाही. किशोरवयीन शिक्षणावर एनसीईआरटीचं राष्ट्रीय चर्चासत्र झालं ते 1993 मध्ये. शाळेबाहेर, मराठीत, हे काम कितीतरी आधी झालं होतं. र. धों. कर्वे यांनी 1927 मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं. वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरूनच 1934 मध्ये त्यांच्यावर खटला चालला. त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली.

2007 मध्ये महाराष्ट्राने हा विषय बंद केला होता, हे खरं का? (पालक, नाशिक)

खरं आहे. 2005 मध्ये केंद्राने किशोरवयीन शिक्षण कार्यक्रम आणला. त्यात नाको ही एड्स नियंत्रण संस्था होती, म्हणजे या वेळी निमित्त रोगाचं. शिक्षकांच्या साहित्यातल्या शरीराच्या चित्रांवरून विधिमंडळांत गदारोळ झाला आणि महाराष्ट्र, गुजरात, कर्नाटक, मध्य प्रदेश अशा राज्यांनी कार्यक्रमच थांबवला. 2009 मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीनेही शाळांत लैंगिक शिक्षण नको, असाच कौल दिला.

आक्षेप चित्रांवर होता, तर चित्रं बदलायची होती. तास बंद करून मुलांचे प्रश्न थांबत नाहीत; ती उत्तरं मोबाइलवर शोधतात.

मग आज शाळेकडून काय अपेक्षा ठेवावी? (पालक, ठाणे)

आयुष्मान भारत या केंद्राच्या आरोग्य योजनेअंतर्गत शालेय आरोग्य कार्यक्रमाच्या मार्गदर्शक सूचना पाहा. प्रत्येक शाळेत दोन प्रशिक्षित ‘आरोग्यदूत’ शिक्षक, शक्यतो एक स्त्री आणि एक पुरुष, आठवड्याला एक तास, 11 विषय. त्यांत वाढीचं वय, नातेसंबंध, स्त्री-पुरुष समानता, प्रजनन आरोग्य, हिंसेपासून सुरक्षितता, इंटरनेटचा वापर हे सगळं येतं. पालकसभेत तीनच गोष्टी विचारा: ते दोन शिक्षक कोण, तास वेळापत्रकात कुठे, आणि तो खरोखर होतो का. हा तास बहुधा परीक्षेच्या तयारीत जातो.

आठवीच्या वर्गात मुलं तोंडच उघडत नाहीत. प्रश्नपेटी कशी चालवावी? (शिक्षक, लातूर)

सगळ्यांना एकाच आकाराच्या चिठ्ठ्या द्या. प्रश्न नसेल त्यानेही ‘प्रश्न नाही’ असं लिहून चिठ्ठी टाकायची. नाहीतर कोण लिहितंय हे वर्ग लगेच हेरतो. नाव नको. चिठ्ठ्या घरी वाचून, गट करून, पुढच्या तासाला उत्तरं द्या. वर्गातच उघडून वाचल्या की अक्षर ओळखलं जातं, हशा होतो आणि पेटी कायमची रिकामी राहते. बोली शब्दाला रागावू नका. शास्त्रीय शब्द सांगून उत्तर द्या. मुलींना वेगळं बसवून फक्त पाळीबद्दल सांगू नका. मुलग्यांनाही पाळी कळायला हवी, आणि मुलींना स्वप्नदोष म्हणजे आजार नव्हे हे.

एक गोष्ट पेटी ठेवण्याआधीच सांगून टाका: कुणी त्रास देत असल्याचं लिहिलंत, तर मी ते गुपित ठेवू शकणार नाही. 2012 च्या पोक्सो कायद्यानुसार 18 वर्षांखालील मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणं बंधनकारक आहे. न दिल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. अशी चिठ्ठी आली तर ती जपून ठेवा, वर्गात वाचू नका, मुलाची उलटतपासणी घेऊ नका. मदतीसाठी 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा.